रेडिओवरचे बाबासाहेब आणि माळ्यावरच्या कॅसेटी

बाबासाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. आपल्या मुलाबाळांना त्यांचा आवाज ऐकायचा तर ध्वनिमुद्रण हाच मार्ग आहे. १९५५ साली बी.बी.सी.ने घेतलेली त्यांची मुलाखत आज ऐकता येते, कारण ती फीत जपली गेली. गांधीजी आणि पुणे करार यांवर ते त्यात रोखठोक बोलले आहेत. मोबाईलवर मात्र तिचे तुकडेच फिरतात, मागचापुढचा संदर्भ सोडून!

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बाबासाहेबांनी आपले तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी बजावले. १२ मे १९५६ ला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेआधी पाच महिने, आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे त्यांनी बी.बी.सी.वरून सांगितले. दोन्ही भाषणे छापील मिळतात. पण कुठल्या शब्दावर ते थांबले, कुठे आवाज चढला, हे छापील पानावरून कसे कळणार?

पूर्वी फीत महाग असे. कार्यक्रम संपला की ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत रेडिओ केंद्रांत होती. असे किती आवाज गेले असतील!

सरकारी संग्रहालयांचे काम त्यांनी करावेच. पण बांधवांनो, आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेचे काय? जयंतीच्या सभा, वामनदादा कर्डकांचे गायन, भन्तेजींची देशना, रेडिओवरून टेप केलेले कार्यक्रम! बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटीच्या प्रती इतरांकडे सापडतील. वस्तीत टेप केलेल्या सभेची प्रत दुसरीकडे कुठेच नसते. जयंतीला आम्ही डी.जे.वर हजारो रुपये उडवतो, आणि या कॅसेटी भंगारवाल्याला किलोवर देतो.

कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही टेप होणार नाही. कोण बोलले, कुठे, कोणत्या साली, हे वेष्टनावर लिहा. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच हे कळेल. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. फीत तुटते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडेच द्या. चांगल्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या, काटछाट न करता. एक प्रत घरी, एक विहारात, एक बाहेरगावच्या नातेवाइकाकडे ठेवा. मूळ कॅसेट मात्र फेकू नका.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतात. तेव्हाच एकेक कॅसेट लावून वडीलधाऱ्यांना विचारावे, हा आवाज कुणाचा?