चाल कुणाची, शब्द कुणाचे

किनवटच्या बाजाराच्या दिवशी एखाद्या पोराच्या मोबाईलवर वाजणारं गाणं तुमच्या कानांवर पडलं असेल. गाणारा आळवून गात नाही. ठेक्यावर भराभरा बोलत जातो आणि ओळ सरली की यमक जुळवतो. याला रॅप म्हणतात. जाणती माणसं म्हणतात, "हे कसलं गाणं? ही तर बडबड!" आणि आपण मास्तर लोक बहुधा त्यांच्याच बाजूचे. आज त्या बडबडीची थोडी बाजू घ्यायची आहे.

हा प्रकार निघाला अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नावाच्या गरीब वस्तीतून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथं एका चाळवजा इमारतीत एका मुलीनं शाळेच्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून गाण्याची मैफल ठेवली. तबकड्या लावायला तिचा भाऊ, कूल हर्क. त्याची युक्ती साधी होती. गाण्यात मधेच नुसता ताल वाजतो, तेवढाच तुकडा दोन सारख्या तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवायचा आणि त्यावर लोकांना हाका घालत बोलायचं. पुढं या हिप-हॉपची तिकडच्या खेडवळ 'कंट्री' गाण्याशीही सोयरीक जमली. २०१९ साली 'ओल्ड टाउन रोड' हे असं मिसळीचं गाणं एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तरी कंट्री गाण्यांच्या यादीतून ते काढून टाकलं होतं, हेही सांगायला हवं. 'हे आमच्यातलं नव्हे' म्हणणारे सगळीकडे असतात.

पण ठेक्यावर बोलणं आपल्याला नवं का आहे? पोवाड्यात शाहीर गाता गाता बोलू लागतो, झीलकरी 'जी जी' करून त्याला दमाला जागा देतात. आणि मिसळ म्हणाल, तर लोककवी वामनदादा कर्डकांची गोष्ट ऐका.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. शाळा घडली नाही. मुंबईत असताना एका माणसानं पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हाती दिलं. वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. तरणाताठा माणूस, पण एका गुरुजींकडून बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं आणि मग हजारो रचली. तमाशाच्या अंगानं निघालेल्या आंबेडकरी जलशाची परंपरा त्यांच्या पाठीशी होतीच. त्यात त्यांनी कव्वालीचा ढंग घेतला आणि सिनेमाच्या चालीही बेधडक घेतल्या. चाल लोकांच्या तोंडी असली की शब्द शिकवावे लागत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. शेवटच्या कडव्यात संतांसारखं आपलं नाव गुंफायचं, ती मुद्रिकाही त्यांनी सोडली नाही. २००४ साली ते गेले; गाणी अजून मराठवाड्यातल्या जयंतीच्या मांडवांत घुमतात.

आता अलीकडचं. २०१९ साली मुंबईत आरेच्या जंगलातली झाडं तोडण्याचा वाद पेटला होता. त्या वर्षी 'स्वदेशी' या रॅप गाणाऱ्या मंडळींनी आरेच्या पाड्यातले वारली गायक प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं काढलं. पाड्याचं गाणं आणि शहरी रॅप एका ठेक्यावर आले, कारण दोघांचं दुखणं एकच होतं.

आणि आपलं किनवट? पैनगंगेच्या काठी दिवाळीला गोंड-कोलामांची दंडार निघते, मोरपिसांच्या टोपीतले घुसाडी नाचतात. होळीला तांड्यावर डफड्यावर लेंगी म्हणतात. ठेक्याला इथं तोटा नाही. पण ज्याच्या घरी गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलतात, ते मूल पहिलीच्या वर्गात येतं आणि मुकं होतं. होळीच्या रात्री तेच पोर तासभर गात होतं, हे मास्तरांना ठाऊकच नसतं.

एक करून पाहा. पोरांना चार टाळ्या सारख्या अंतरानं वाजवू द्या. टाळी थांबायची नाही. मग त्यावर एकेकानं आपल्या वाटेवरचं काही बोलायचं, चौथ्या टाळीला तुकडा संपला पाहिजे. उदाहरणार्थ:

पाऊस आला, नाला भरला,
रस्ता गेला वाहून;
शाळा आमची पलीकडे,
आम्ही इकडे राहून!

पहिल्यांदा घरच्या बोलीत म्हणू द्या. मग तेच मराठीत आणा आणि फळ्यावर लिहा. आपल्याच तोंडचा शब्द फळ्यावर दिसला की वाचायची घाई मुलालाच होते. यमक चुकलं तरी हरकत नाही. ठेका चुकला, तर घरी ढोल वाजवणारं मागच्या रांगेतलं एखादं पोर तुम्हाला लगेच सांगेल, बरं का.