मडक्यावर आपली खूण : मातीचा शिक्का घरीच करूया

मी दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबहून बोलते आहे. बचत गटांची सहयोगिनी म्हणून गावोगावच्या बैठकांना जाते. आजचं बोलणं आहे मातीकाम करणाऱ्या गटांसाठी. पोळ्याचे बैल, भुलाबाई, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यातले माठ. वर्षभर आपल्या हातून किती वस्तू जातात! त्या कोणी केल्या, हे मात्र एकीवरही लिहिलेलं नसतं. ते लिहायची सोपी सोय म्हणजे मातीचा शिक्का. तो आपण घरीच करू शकतो, आणि त्याला जवळपास खर्च नाही.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. हातात धरतो तो शिक्का, आणि भांड्यावर उमटतो तो ठसा.

शिक्का कशाला?

समजा, दिवाळीला गटातल्या आठ जणींनी मिळून दोन हजार पणत्या केल्या. सगळ्या एकाच आव्यात भाजल्या आणि एकाच टोपल्यात भरून दुकानात पोचवल्या. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन येतो. एक म्हणणं, "काही पणत्यांतून तेल फार झिरपतं." दुसरं म्हणणं, "त्या बारीक काठाच्या होत्या ना, तशा अजून पाचशे पाठवा." आता झिरपणाऱ्या कोणाच्या आणि बारीक काठाच्या कोणाच्या? बैठकीत सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात. जिचं काम चांगलं, तिचं नाव होत नाही. जिच्या मातीत किंवा हातात काही कमी राहिलं, तिला ते कळत नाही, म्हणजे सुधारताही येत नाही. पैसे सारखे वाटले तरी कुरबुर, कमीजास्त वाटले तरी कुरबुर. ठसा असला की हा हिशेब पणती उलटी करून वाचता येतो.

दुसरं कारण जरा खोल आहे. कुंभाराच्या घरात माती वाळवायची, कुटायची, चाळायची, मळायची, लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं, गोवऱ्या रचायच्या, बाजारात डोक्यावर न्यायचं, यातलं बरंच काम बायका करतात. चाकाला मात्र बाईने हात लावायचा नाही, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून माठ ओळखला जातो तो घरच्या पुरुषाच्या नावाने. सरकारी कागदावरही असंच होऊ शकतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम आहे, पण नोंदणी एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची होते. ते एक नाव कोणाचं लागावं, हे घरात बसून ठरवायला हवं. मडक्यावर मात्र एकच नाव पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही. घडवणाऱ्याची खूण आणि रंगवणारीची खूण शेजारी शेजारी बसू शकते.

ही रीत नवी नाही

जुन्या घराचं मंगलोरी कवेलू उलटं करून बघा, कारखान्याचं नाव उठलेलं दिसेल. बासेल मिशनने मंगळुरूला १८६५ साली कवेलूंचा कारखाना काढला, आणि पुढे निघालेल्या कारखान्यांनीही आपापली नावं आणि चिन्हं कवेलूंवर उमटवली. विटेच्या खाचेतलं भट्टीवाल्याचं नावही तसंच. त्याहून जुनं पाहायचं तर पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू इथे १९४५ साली उत्खनन झालं. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेल्या भांड्यांची खापरं मिळाली, आणि त्यांवर इटलीतल्या कुंभारांच्या नावांचे ठसे होते. भांडं फुटलं, माणूस गेला, पण नाव वाचता आलं.

आणि आजचं उदाहरण आपल्या गळ्यात आहे. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो, त्यात सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक असतो. तो पाहिल्याशिवाय आपण दागिना घेत नाही. मग आपल्या मालाला खूण का नको?

खूण कोणती निवडायची?

पूर्ण नाव लिहायच्या फंदात पडू नका. पणतीवर करंगळीच्या नखाएवढी जागा असते. नावाचं पहिलं अक्षर पुरे. गटात तीन सुनीता असतील तर एकीने "सु" खाली एक टिंब द्यावं, दुसरीने दोन, तिसरीने गोल. "ध", "भ", "ख" यांसारख्या अक्षरांची वळणं बारीक असतात आणि ती मातीने बुजतात, म्हणून अक्षर मोकळं काढा. शिरोरेघ नाही दिली तरी चालतं.

जिला अक्षर नको, तिने चित्र घ्यावं. कापसाचं बोंड, तुरीची शेंग, तुळस, बांगडी, किंवा आपल्या हातावरच्या गोंदणातली एखादी नक्षी. ती नक्षी तर तुमची आहेच. देवाचं नाव किंवा ओम् मात्र टाळा. भांड्याच्या बुडाला, पायाशी ते येणं कोणालाच आवडणार नाही.

नाण्याचा ठसा उमटवायचा मोह होतो, तोही टाळा. नाण्यावर सिंहाची राजमुद्रा असते आणि ती धंद्यासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे. तसंच आयएसआय किंवा हॉलमार्कसारखी खूण आपल्या मनाने काढायची नाही.

शिक्का करायची पहिली पद्धत : थेट कोरून

माती बारीक हवी. आपली काळी माती नुसती घेऊ नका. उन्हाळ्यात वावराला भेगा कशा पडतात ते आपण पाहतोच. ती माती वाळताना फार आटते, शिक्काही तसाच फुटेल. तुमची नेहमीची तयार माती घ्या, पाण्यात कालवा, सुती कापडातून गाळा आणि घट्ट होऊ द्या. मग हवा निघेपर्यंत मळा.

अंगठ्याएवढी जाड आणि बोटाएवढी लांब कांडी वळा. तिचं एक टोक काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर हलकंसं दाबून सपाट करा. वरच्या टोकाजवळ दाभणाने आरपार भोक पाडा, पुढे दोरा ओवता येईल. एक-दोन दिवस सावलीत ठेवा. नखाने ओरखडा उमटतो पण बोट रुतत नाही, अशी झाली की कोरायला घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं, म्हणजे ठसा सुलटा येतो. उलटं लिहिणं जमत नाही? पातळ कागदाला थोडं तेल लावा, त्यावर अक्षर नेहमीसारखं लिहा, कागद पालथा करा आणि कांडीच्या सपाट टोकावर ठेवून सुईने अक्षराच्या रेषेवर टिंबं टोचा. कागद काढला की टिंबांच्या रेषेने कोरत जायचं. दाभण, जाड सुई, छत्रीची घासलेली काडी, काहीही चालतं. साधारण दोन मिलिमीटर खोल कोरा. खाच वर रुंद आणि खाली अरुंद ठेवा. खाली रुंद झाली तर माती आत अडकते. कडेला जी माती उठते ती ओली असताना पुसू नका. वाळली की जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडा.

मऊ मातीच्या गोळीवर एकदा दाबून पाहा. चूक असेल तर आताच दुरुस्त होते, भाजल्यावर नाही.

दुसरी पद्धत : खडूच्या साच्यातून

यात उलटं लिहायची गरज नाही. शाळेतला जाड खडू घ्या, फरशीवर घासून त्याची एक बाजू सपाट करा आणि तिच्यावर अक्षर सुलटंच कोरा. मोठा शिक्का हवा असेल तर काडेपेटीच्या खोक्यात प्लास्टर ऑफ पॅरिसची वडी पाडा. दहा भाग प्लास्टरला वजनाने सात भाग पाणी घ्यायचं, आणि प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही.

या साच्यावर मऊ माती दाबा, थोडा वेळ थांबा. खडू पाणी शोषतो आणि माती आपोआप सुटते. तिच्यावर उलटं, उठावाचं अक्षर आलेलं असतं. मागे मातीची कांडी ओल्या मातीने जोडा, झाला शिक्का. याचा ठसा सुलटा आणि खोलगट येतो. साचा जपून ठेवला तर शिक्का हरवला तरी दुसरा करता येतो.

लक्षात ठेवायला सोपं : शिक्क्यावर कोराल तर उलटं, साच्यावर कोराल तर सुलटं. आणि खडूचा किंवा प्लास्टरचा भुगा आपल्या मळलेल्या मातीत पडू देऊ नका. तो भांड्यात गेला तर भाजल्यानंतर तिथे टवका उडतो.

वाळवणं आणि भाजणं

शिक्का आठवडाभर सावलीत वाळवा. गालाला लावून पाहा, गार लागला तर आत ओल आहे. ओला शिक्का आगीत गेला की फुटतो. एका वेळी तीन करा, म्हणजे एखादा तडकला तरी काम अडत नाही. पुढच्या आव्यात एका लहान गाडग्यात घालून ठेवा, म्हणजे गोवऱ्या-पऱ्हाटीच्या राखेत हरवणार नाही. आपल्या आव्याची आच, साधारण ७०० ते ८०० अंश, त्याला पुरते. भाजलेला शिक्का पाणी शोषतो, त्यामुळे ओल्या भांड्याला चिकटत नाही. कच्चा शिक्का चार वेळा चालेल आणि मग विरघळायला लागेल.

आकाराचं गणित आधी करा, कारण अक्षर दोनदा आटतं. तुमची माती दहा टक्के आटत असेल तर २० मिलिमीटरचा ओला शिक्का भाजल्यावर १८ चा होतो. त्याचा १८ चा ठसा भांड्यासोबत भाजला की १६ च्या जवळ येतो. आपली माती किती आटते हे पाहायला मातीच्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ मारा, पट्टी भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ९.१ भरली तर माती नऊ टक्के आटते.

ठसा कुठे, कधी, कसा?

भांडं अर्धवट वाळलेलं असताना ठसा मारायचा. फार ओलं असेल तर भांडं दबतं, फार वाळलं असेल तर तडा जातो. माठ आत गोळा धरून बाहेरून थापीने ठोकतात, ते सगळं झाल्यावरच ठसा मारा, नाहीतर थापीने तो पुसला जाईल. दाबताना आतून दुसऱ्या हाताचा आधार द्या. शिक्का आधी बारीक राखेच्या पुरचुंडीवर टेकवला की साफ सुटतो.

माठाच्या गोल बुडावर ठसा नको. तिथे घासून जातो. मानेखाली, खांद्यावर द्या. भिंत पातळ असेल तर दाबूच नका, तिथून गळती लागेल. त्याऐवजी रुपयाएवढी मातीची टिकली करून तिच्यावर ठसा घ्या, दोन्हीकडे जरा खरवडून ओल्या मातीने ती चिकटवा. टिकली आणि माठ सारखेच ओले हवेत. पणतीला बुडाशी, बैलाला पोटाखाली, भुलाबाईला पाठीमागे. चकाकीचा मुलामा देत असाल तर जिथे मुलामा लागत नाही तिथे ठसा द्या, नाहीतर बारीक रेषा भरून जातात.

दोन ठसे आणि एक वही

इंग्लंडमधल्या सेंट आयव्हज गावात बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हमादा यांनी १९२० साली मातीकामाची कार्यशाळा काढली. तिथल्या अनेक भांड्यांवर दोन ठसे दिसतात, एक कार्यशाळेचा आणि एक घडवणाऱ्याचा. आपल्या गटालाही हेच बरं. गटाच्या ठशावरून गिऱ्हाईक गटापर्यंत पोचतं, आणि बाईच्या ठशावरून गट तिच्यापर्यंत.

ज्या बाईने केलं तिचाच ठसा, हा नियम मात्र कडक ठेवा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सान इल्डेफॉन्सो या आदिवासी गावची मारिया मार्टिनेझ काळ्या चकचकीत भांड्यांसाठी जगभर गाजली. १९२० च्या दशकात ती भांड्यांवर सही करू लागली आणि सहीच्या भांड्याला भाव आला. गावातल्या इतर बायका आपली भांडी घेऊन आल्या तर ती त्यांवरही सही करून द्यायची. तिचं मन मोठं होतं, पण त्या बायकांची नावं त्यांच्याच भांड्यांवरून गेली. आपल्या गटात एकीचा माल चांगला खपतो म्हणून सगळ्यांनी तिचा शिक्का मागू नये. तिच्याकडून तिची हातोटी मागावी.

सगळ्या शिक्क्यांचे ठसे एका मातीच्या पाटीवर घ्या, पाटी भाजा आणि गटाच्या पेटीत ठेवा. वहीत पाच रकाने आखा : तारीख, खूण, नग किती, आवा कितवा, फुटले किती. कितवा आवा हे कळायला ठशाशेजारी नखाने तेवढ्या खुणा करा. वर्षअखेरीला लाभ वाटताना ही वही उघडली की बोलणं सरळ होतं. पण ठरवून घ्या, वही चूक पकडून दंड करायला नाही. कोणाचे नग जास्त फुटले तर तिच्या मातीत काय कमी पडतं ते सगळ्यांनी मिळून पाहायचं.

शिक्का केला म्हणजे ट्रेडमार्क झाला असं नाही. त्यासाठी १९९९ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती दहा वर्षांसाठी मिळते. धंदा वाढला की गटाने त्याचा विचार जरूर करावा. आज त्यावाचून काही अडत नाही.

गटात आल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही शिकल्या. बँकेच्या कागदावर जे नाव लिहायला शिकलो, ते आपल्या हातच्या मडक्यावरही असू द्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने कागदावर आपली खूण काढून आणा आणि सोबत मूठभर गाळलेली माती. सगळ्या खुणा शेजारी ठेवून पाहा, दोघींची सारखी नाही ना. मग तिथेच बसून कोरायला लागा. नमस्कार.