उजनीवरची बोट विकताना

बोट विकायला काढली की पहिला प्रश्न असतो, 'किती येतील?' त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपण पाण्यावर चालणारी बोट विकतोय, की नुसता पत्रा आणि इंजिन? हे ठरलं की गिऱ्हाईक कोण, सौदा कधी करायचा आणि कागद कुठले लागतील, हे पुढचं बरंचसं सुटत जातं.

सोलापूर जिल्ह्यात बोट म्हणजे उजनीचीच. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. कालव्यांतून त्याचं पाणी शेतात जातं, पण बोटी चालतात त्या मागच्या फुगवट्यावर. अलीकडे करमाळा, माढा आणि कर्जत, पलीकडे इंदापूर आणि दौंड. मासेमारीच्या पत्र्याच्या होड्या, अलीकडच्या फायबर बोटी, या काठावरून त्या काठाला माणसं आणि मोटारसायकली नेणाऱ्या मोठ्या बोटी आणि भिगवण-कुंभारगावकडे रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटी, असा हा सगळा ताफा. बोट नकोशी होण्याची कारणंही इथलीच. मुलगा पुण्यात नोकरीला लागतो आणि जाळं ओढायला घरात दुसरं कोणी उरत नाही. दोन काठांवरच्या कुगाव आणि शिरसोडी यांना जोडणारा पूल मंजूर झाल्यापासून प्रवासी बोटीत नवा पैसा घालायला मन धजत नाही.

आता बोट तपासायची. हे काम गिऱ्हाईक येण्याआधी स्वतः करा, आणि उन्हात, बोट पूर्ण काठावर ओढून घेऊन करा. पत्र्याची बोट असेल तर ती विटांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर सपाट ठेवा, तळाचं शेवाळ आणि गाळ घासून काढा आणि तळ कोरडा होऊ द्या. मग आतून घोटाभर पाणी ओता. त्याहून जास्त नको, कारण एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं आणि ओंडक्यांवर टेकलेला तळ तेवढ्यानेही वाकू शकतो. तासाभराने खाली वाकून बघा. जिथे थेंब धरतोय तिथे खडूने खूण करा. एका जोडावर दोन-तीन खुणा असतील तर वेल्डिंगने काम भागतं. पण खुणा तळभर विखुरलेल्या असतील तर पत्राच झिजलाय, आणि त्यावर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. पाण्याची पातळी जिथे सतत लागते तो बाजूचा पट्टा लहान हातोडीने टकटक करत तपासा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, गंजून पातळ झालेला बद्द आवाज करतो आणि कधीकधी हातोडीखाली दबतो. फायबरच्या बोटीला हातोडी नको, नाण्याने टकटक पुरते. आवाज एकदम पोकळ झाला तर तिथले थर सुटलेले असतात.

इंग्लंडातल्या जुन्या कालव्यांवर सात फूट रुंदीच्या लांबलचक लोखंडी बोटी आजही विकल्या-घेतल्या जातात. तिथे घेणारा माणूस बोट पाण्याबाहेर काढायला लावतो आणि जाणकाराकडून तळाच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजागी मोजून घेतो. त्या आकड्यांवर किंमत हजारोंनी वर-खाली होते. आपल्याकडे प्रत्येक काठावर असं यंत्र नाही, पण खडूच्या खुणा आणि हातोडीचा आवाज तेच सांगतात. त्या खुणा पुसू नका. गिऱ्हाइकाला तशाच दाखवा.

भावाचा तळ भंगारवरून ठरतो. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा एक चौरस मीटर 15.7 किलो भरतो. तळ आणि बाजू मिळून बारा चौरस मीटर पत्रा असेल तर साधारण 188 किलो, वर अँगल आणि फळ्यांच्या पट्ट्यांचं वजन. गंजलेल्या जागांसाठी त्यातून थोडं वजा धरा. टेंभुर्णी किंवा कुर्डुवाडीच्या भंगारवाल्याकडे त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा आणि गुणाकार करा. आलेला आकडा म्हणजे तुमची सगळ्यात खालची किंमत. त्याच्याखाली कोणी मागत असेल तर बोलणी तिथेच थांबवावीत. फायबर बोटीला मात्र हा आधार नाही. तिची राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तुटलेली फायबर बोट कोणी वजनावर घेत नाही. म्हणून ती धड असतानाच विकलेली बरी.

इंजिनाचा हिशोब वेगळा मांडा. अनेकदा बोट जुनी पण इंजिन चांगलं, असं असतं. अशा वेळी दोन्ही एकत्र विकली तर इंजिनाचा भाव बोटीच्या गंजात बुडतो. बाहेर टांगायचं आउटबोर्ड इंजिन कोकणातले आणि इतर धरणांवरचे मच्छीमारही घेतात. बोटीत बसवलेलं डिझेल इंजिन असेल तर त्याला शेतकरी गिऱ्हाईक मिळू शकतं. गिऱ्हाइकासमोर इंजिन थंड असताना सुरू करून दाखवा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पाहिलं की जाणता माणूस मनातल्या मनात किंमत उतरवतो.

धड बोट विकायचे रस्ते तीन. पहिला थेट काठावरच्या माणसाला. यात भाव सगळ्यात बरा मिळतो, पण वेळ लागतो. मासळीच्या लिलावाला सकाळी जी माणसं येतात त्यांच्या कानावर घालणं ही अजूनही सगळ्यात चालणारी जाहिरात आहे. दुसरा रस्ता व्यापाऱ्यामार्फत. मासे विकत घेणारा व्यापारी मच्छीमाराला उचल देतो, त्यामुळे कोणाला बोट हवी आहे आणि कोणाच्या हातात पैसा आहे, हे त्याला ठाऊक असतं. सौदा लवकर होतो. पण तुमच्याच अंगावर त्याची उचल असेल तर बोटीची किंमत आणि उचल एकाच वहीत मिसळू देऊ नका. आधी बोटीची किंमत ठरवा, कागदावर लिहा, मग उचल वजा करा. हा क्रम उलटा झाला की बोट कितीला गेली हे विकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिसरा रस्ता म्हणजे नवी बोट बांधून देणाऱ्या कारागिरालाच जुनी बदल्यात देणं. तुम्हाला लहान बोट हवी असेल तर हे सोयीचं, नाहीतर भाव पडतो. मच्छीमार सोसायटीच्या मालकीची बोट असेल तर मात्र कार्यकारी मंडळाचा ठराव आणि जाहीर लिलाव हाच मार्ग धरावा. चेअरमनच्या तोंडी शब्दावर अशी बोट घेऊही नये आणि देऊही नये.

गिऱ्हाईक जायकवाडी किंवा कोयनेकडचं असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं ते भावाआधी बोला. बोटीची किंमत कमी असेल तर वाहतुकीचा खर्चच सौदा मोडतो.

वेळेचं गणित धरणाच्या पाण्यावर. उजनीत साधारण 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वर्षी बोट काठापासून लांब चिखलात रुतते, चालवून दाखवता येत नाही आणि घेणारा निम्म्याने मागतो. पुण्याकडून विसर्ग येऊन पाणी चढलं की, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, विकायला काढावी. नोव्हेंबरपासून पक्षी पाहणाऱ्यांचा हंगाम लागतो. प्रवासी बोट घेणाऱ्याला ती त्याआधी हवी असते.

कागदाकडे फार लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो, आणि नोंदणी झालेली बोट दुसऱ्याच्या नावावर करताना मूळ नोंदणी करणाऱ्या निबंधकाची मंजुरी घ्यावी लागते. बोट योजनेच्या अनुदानातून घेतली असेल तर मंजुरीपत्रातली विक्रीची अट आधी वाचा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर ना हरकत दाखला आणा. मासेमारीचा परवाना बोटीबरोबर आपोआप जात नाही, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा.

करारनामा मुद्रांकावर करा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 रुपयांच्या जागी 500 चा मुद्रांक लागतो. त्यात बोटीची लांबी, रुंदी, इंजिनाचा क्रमांक, दिसलेले दोष, इसाराची रक्कम आणि ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. दोन साक्षीदार काठावरचेच असावेत. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, म्हणून मोठा सौदा बँकेतूनच करा. ताबा देण्याआधी नावबदल झालाच पाहिजे. बोट दुसऱ्याच्या हातात आणि नाव तुमचं, अशा अवस्थेत अपघात झाला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळनंतर या जलाशयावर बोट विकणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे, असं मी मानतो. ज्या बोटीच्या तळावर खडूच्या खुणा मावत नाहीत, ती बोट कोणी स्वस्तात मागायला आला तरी देऊ नका, 'मासेमारीपुरती वापरतो' म्हणाला तरी नाही. गरज पडली की त्याच बोटीत माणसं बसतात. तिचं इंजिन काढून वेगळं विका, पत्रा भंगारवाल्यासमोर कापून घ्या आणि वजनाची पावती जपून ठेवा.