विश्लेषण : भवानीनगर नेमके कुठे सुरू होते, कुठे संपते? कारखान्याभोवती वसलेल्या ‘नगरां’मधली जमीन कोणाची?

पुणे, सोलापूर, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या नकाशावर ‘नगर’ने संपणारी नावे शोधून पाहा. भवानीनगर, सोमेश्वरनगर, शिवनगर, माळीनगर, शंकरनगर, प्रवरानगर, वारणानगर... ही नावे वाचून एखाद्याला वाटेल की पश्चिम महाराष्ट्रात शहरांचे पीक आले आहे. प्रत्यक्षात यातले प्रत्येक नाव साखर कारखान्याबरोबर आले आहे.

भवानीनगर त्यातलेच एक. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी मागे पडते आणि सणसरच्या अलीकडे कारखान्याचे धुराडे दिसते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात सहकाराच्या पहिल्या लाटेत उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्ती झाली. कामगार वसाहत, शाळा, बँक, दवाखाना, हॉटेले, टायरची दुकाने असे सगळे या परिसरात आहे. तरीही परिसरातला माणूस ‘भवानीनगरला चाललोय’ म्हणण्याऐवजी ‘कारखान्यावर चाललोय’ म्हणतो.

ज्याच्यामुळे ही वस्ती झाली तो कारखाना अडचणीत आला किंवा रस्ता रुंद झाला, तर पायाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न इथे जुन्या गावापेक्षा कितीतरी अवघड होतो. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी पाण्याकडे पाहावे लागेल.

कारखाना इथेच का आला?

जुनी गावे नदीकाठी, ओढ्याकाठी, विहिरीला पाणी लागेल तिथे वसली. इंदापूर आणि बारामतीचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. अशा ठिकाणी ऊस हे मुळात पीकच नव्हे.

चित्र बदलले ते नीरा डाव्या कालव्याने. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळी पट्ट्यात कालव्यांची कामे हाती घेतली. भाटघरला धरण, वीरजवळून कालवा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवाह. १८८० च्या दशकात पाणी सुटले. पंप नाही, वीज नाही. कालवा जमिनीच्या समान उंचीची रेषा धरून हळूहळू उतरत जातो, आणि कालवा ते नदी या मधल्या उताराला पाणी आपोआप मिळते. नकाशावर ही रेषा ओढली की बागायत आणि जिरायत यांची सीमाच मिळते. कालव्याच्या वरच्या बाजूला माळरान आणि खाली ऊस. पुढच्या शंभर वर्षांत कोणते गाव श्रीमंत होणार, हे त्या ‘लेव्हल’ घेणाऱ्या सर्वेक्षकाने नकळत ठरवून टाकले होते.

पाण्याचा अतिरेक झाला तसे खालच्या अंगाच्या जमिनी चिबड आणि खारवट होऊ लागल्या. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारासच अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याआधी, १९०० च्या आसपास, विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. ठरावीक जमिनीच्या गटाला ठरावीक पाणी, पिकांची पाळी बदलती, म्हणजे पाणी मोजून आणि जास्त गावांत वाटून मिळेल. उसाचे क्षेत्र एका जागी न साठता कालव्याच्या लांबीवर पसरले, त्यात या पद्धतीचाही वाटा आहे.

तेव्हा ऊस गुऱ्हाळात जायचा. गुऱ्हाळ उसाच्या रानाजवळ उभे राहते आणि हंगाम संपला की मोडते. कारखान्याचे उलटे असते. तो एका जागी बसतो आणि ऊस त्याच्याकडे चालत येतो.

एका कारखान्याला किती रान लागते?

ऊस तोडल्यानंतर त्याचे वजन घटत जाते आणि साखरही. शक्यतो २४ तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. त्यामुळे अंतराला मर्यादा येते.

सोपे गणित करू. समजा, एखादा कारखाना रोज ५ हजार टन ऊस गाळतो आणि हंगाम १५० दिवसांचा आहे. म्हणजे साडेसात लाख टन ऊस. हेक्टरी १०० टन उतारा धरला तर ७ हजार ५०० हेक्टर, म्हणजेच ७५ चौरस किलोमीटर ऊस हवा. सगळ्या रानात ऊसच असेल, तर कारखान्याभोवती जेमतेम ५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ पुरेल. पण तसे कधीच नसते. पाचातल्या एका भागात ऊस आहे असे धरले, तर वर्तुळाची त्रिज्या ११ किलोमीटरच्या घरात जाते.

आता नियम पाहा. दोन साखर कारखान्यांत केंद्राने किमान १५ किलोमीटर हवाई अंतर ठेवले आहे. राज्यांना ते वाढवण्याची मुभा आहे आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेबारा किलोमीटर. वरच्या गणिताच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. अर्थात, प्रत्यक्षात आज उसाची पळवापळवी या वर्तुळांना जुमानत नाही. ज्याचा दर चांगला त्याच्याकडे टायरगाडी वळते.

सांगायचे इतकेच की भवानीनगरसारखी ठिकाणे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर दिसतात, हा योगायोग नाही. बाजारपेठेची गावे एके काळी बैलगाडीच्या एका दिवसाच्या प्रवासावर वसली, तशी ही नगरे उसाच्या एका दिवसाच्या प्रवासावर वसली आहेत.

मग भवानीनगरचे शहर का झाले नाही?

याचे उत्तर शेजारच्या वालचंदनगरशी तुलना केली की मिळते. १९३० च्या दशकात उद्योजक वालचंद हिराचंद यांनी कळंब परिसरात साखर कारखाना काढला, तेव्हा कारखाना, उसाचे हजारो एकर मळे आणि कामगारांची घरे हे सगळे एकाच कंपनीच्या ताब्यात होते. त्यामुळे तिथे आखीव वसाहत झाली. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, खासगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये त्यासाठी राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. खंडाने जमिनी दिलेले शेतकरी, म्हणजे खंडकरी, आपल्या जमिनीसाठी नंतर अनेक दशके झगडत राहिले. वालचंदनगर तगले ते यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यामुळे.

सहकारी कारखान्याची तऱ्हा वेगळी आहे. इथे उसाचे रान सभासदाच्या मालकीचे आणि कारखान्याकडे फक्त आवारापुरती जमीन. सभासद राहतो त्याच्या रानात. कालव्याची पाळी रात्री-अपरात्री येते, बारे धरायला माणूस जागेवर लागतो. म्हणून गेल्या शतकात या पट्ट्यातली माणसे गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. जाचकवस्तीसारखी नावे त्याचीच खूण आहेत. परिणामी सभासद हजारो, पण त्यांची घरे दहा-बारा किलोमीटरच्या परिघात विखुरलेली. खुद्द ‘नगरा’त राहतात ते कामगार, शिक्षक, दुकानदार.

जनगणनेच्या व्याख्येत गाव शहर ठरायला किमान ५ हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असावे लागतात. ऊसपट्ट्यात हा तिसरा निकषच अडवतो. ट्रॅक्टरचा मालक, डेअरीचा संचालक, बारामती एमआयडीसीत पाळीला जाणारा मुलगा हे सगळे एकाच घरात असतात, आणि घरातला कर्ता स्वतःला शेतकरीच म्हणवतो.

सहा महिन्यांचे गाव, एका रात्रीचे शहर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात दुसरे गाव उभे राहते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात. बैलगाडीवाल्यांचे तळ कारखान्याच्या जवळ, कारण बैल लांबचे अंतर ओढू शकत नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फडाजवळ. पाचट, बांबू आणि ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाणी, संडास, दिवा, मुलांची शाळा यांची जबाबदारी नेमकी कोणाची, यावर दर वर्षी नव्याने बोलणे होते, आणि मार्चमध्ये कोपी मोडली की विषयही मोडतो.

येत्या जनगणनेत ही फट स्पष्ट दिसेल. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. घरे मोजली जाणार तेव्हा कोप्या नसतील, माणसे मोजली जाणार तेव्हा मात्र ती इथे असतील. घरयादीत नसलेल्या घरात राहणाऱ्या माणसाला शोधून मोजायचे, तर प्रगणकाला फडाफडांत फिरावे लागेल.

आणि वर्षातून एकदा, आषाढी वारीत, याच रस्त्यावर शहर उतरते. जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीनंतर काटेवाडी, भवानीनगर करत सणसरला मुक्कामाला जातो. पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, वैद्यकीय पथके, वाहनतळ असे सगळे एका रात्रीसाठी उभे करण्याची सवय या यंत्रणेला आहे. एका रात्रीसाठी जमते ते सहा महिन्यांसाठी का जमत नाही, हे कोडे प्रशासनाने सोडवायचे आहे.

गावठाण नसले तर काय बिघडते?

खरी गोम इथे आहे. जुन्या गावाला गावठाण असते. म्हणजे राहण्यासाठी राखलेली, शेतसाऱ्यातून वगळलेली जागा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो आणि आता ‘स्वामित्व’ योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागली आहे. ड्रोनने गावठाण मोजण्याच्या या कल्पनेचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला होता. त्या पत्रिकेवर बँक कर्जासाठी विचार करते.

पण ही योजना गावठाणासाठी आहे. रस्त्याकडेला, कारखान्याच्या कुंपणाबाहेर, कोणाच्या तरी गटातले दोन गुंठे तोंडी किंवा नोटरीवर घेऊन बांधलेल्या घराला ती लागू होत नाही. तिथे मूळ मालकाचे नाव सातबारावर तसेच असते. वसाहतीतल्या कामगाराची अडचण आणखी वेगळी आहे. तीस-पस्तीस वर्षे क्वार्टरमध्ये काढल्यावर निवृत्तीला खोली सोडायची असते. ग्रॅच्युइटी वेळेत मिळाली तर बारामतीत फ्लॅट, नाहीतर रस्त्याकडेचे हेच दोन गुंठे.

संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या, म्हणजे पाटस-बारामती-इंदापूर-अकलूजवरून बोंडल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी च्या चौपदरीकरणाने या गुंठ्यांचे भाव चढले. त्याच वेळी धोकाही वाढला. भूसंपादनाचा मोबदला प्रामुख्याने कागदावरच्या हक्कदाराला मिळतो. वीस वर्षे टपरी चालवणाऱ्याकडे दाखवायला बहुतेक वेळा विजेचे बिलच असते.

रस्त्याकडेचा गुंठा घेण्याआधी काय पाहावे?

पहिले म्हणजे तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्यानुसार ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार करता येत नाही. २०२३ पासून राज्यात ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. भवानीनगरच्या परिसरात कालव्याखालचे बहुतेक रान बागायतच. म्हणजे तिथले दोन गुंठे शेतजमीन म्हणून घेतले, तर फेरफार अडकण्याचीच शक्यता जास्त. २०२५ मध्ये सरकारने जुने लहान व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली, पण ती निवासी क्षेत्रे आणि गावठाणालगतच्या पट्ट्यापुरती. आपला गट त्यात येतो का, हे तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि नगररचना विभागाकडे लेखी विचारावे.

दुसरे, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सोपी तरतूद होती. अकृषिक आकारणी भरून सनद मिळत असे. पण हे अंतर गावठाणापासून मोजायचे असते. कारखान्याच्या फाटकापासून मोजून ‘दोनशे मीटरच्या आतच आहे’ असे कोणी सांगत असेल, तर गट नंबर घेऊन नकाशा स्वतः पाहावा.

तिसरे, सातबारावरचे ‘इतर हक्क’ वाचावे. सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, कूळ, वारसांची नावे आणि महामार्गाच्या संपादनाची नोंद असेल तर ती तिथे सापडते. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा मोबाइलवरही दिसतो. व्यवहारासाठी मात्र डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा, आणि प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता नकाशावर आहे की फक्त जमीनमालकाच्या शब्दावर, हेही विचारावे.