शू, चावे आणि किल्लीचा आवाज

भाद्रपद उलटला की साधारण दोन महिन्यांनी आमच्याकडे फोन यायला लागतात. 'साइटवर पाच पिल्लं आहेत, उद्या स्लॅब पडायचाय.' 'पार्किंगमध्ये कुत्री व्यालीय, चेअरमन ऐकत नाहीत.' कुत्रीचे दिवस ६३च्या आसपास भरतात, त्यामुळे भाद्रपदातल्या गोंधळाचा हिशेब कार्तिक-मार्गशीर्षात पुढ्यात येतो. अशा गावठी पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणारी बरीच घरं पुण्यात आहेत, त्यातलं एक आमचं. 'फॉस्टर' म्हणतात याला. पिल्लू येतं, काही आठवडे राहतं, जरा शहाणं होतं आणि जातं. पुढचं आलं की पुन्हा श्रीगणेशा.

पिल्लू न्यायला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'शेकहँड कधी शिकवायचा?' शेकहँड सोपा. 'बस' तर त्याहून सोपं. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते तसं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की तुकडा तोंडात. दुपारभरात जमतं. अवघड असतं ते वेगळंच : शू कुठे करायची, दात कशाला लावायचे आणि घरात कोणी नसताना काय करायचं. यासाठी कुठला हुकूम नसतो. घरातल्यांचं वेळापत्रक आणि घराची मांडणी बदलावी लागते आणि त्याला पिल्लापेक्षा माणसंच जास्त कुरकुरतात.

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी धरून ठेवता येत नाही, हे मान्य केलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात. ठोकताळा असा, की वयाच्या महिन्यांत एक मिळवायचा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत असेल तर. जागं असताना अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर न्यावंच लागतं. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर थोड्या वेळाने आणि खेळ ऐन रंगात आला असताना मध्येच, या वेळा सहसा चुकत नाहीत.

सध्या घरात आहे ती बिस्किटी रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. सोफ्याखालून मोजा ओढून काढून ती त्याला झटके देत असते. एकाएकी मोजा सुटतो. नाक फरशीला लागतं. दोन पावलं कपाटाकडे, मग वळून पायपुसण्याकडे. चाल आखूड होते, शेपूट जराशी ताठ. एक गिरकी. दुसरी गिरकी पुरी व्हायच्या आत पोटाखाली हात घालून उचललं, तर बहुतेक पिल्लं अधांतरी असेपर्यंत रोखून धरतात. गॅलरीत मातीचा मोठा ट्रे ठेवलाय, त्यात तिला सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. बोललं की ती आपल्याकडे बघते आणि आल्या कामाचा विसर पडतो. मग मागचे पाय वाकवून ती बसते. (या वयात नर पिल्लंही बसूनच करतात, तंगडी वर करणं पुढचं.) धार थांबते न थांबते तोच 'शाब्बास' आणि तुकडा. हा तुकडा तिथेच, त्याच क्षणी द्यायचा. आत आल्यावर दिला तर तो आत आल्याबद्दलचा होतो, मग पिल्लू शू अर्धवट टाकून तुकड्यासाठी आत पळायला लागतं.

ट्रेमध्ये माती का, तर पायाखाली जे लागतं त्याचीच सवय होते म्हणून. वर्तमानपत्रावर शिकलेलं पिल्लू पुढे कोणी वाचता वाचता खाली ठेवलेल्या पेपरवरही करतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात त्याचं काहीच चुकलेलं नसतं. पायपुसणी आणि सतरंज्या मात्र पहिले दोन-तीन महिने सरळ गुंडाळून माळ्यावर टाकाव्यात.

फरशीवर डबकं दिसलं की आपल्याकडे हात पहिल्यांदा फिनेलच्या बाटलीकडे जातो. फिनेलने वास झाकला जातो तो आपल्या नाकापुरता. पिल्लाला तो शोधता येतो आणि पुन्हा त्याच जागी बसावंसं वाटतं. शिवाय फिनेल पंजाला लागतं आणि पंजा चाटला जातो, ते पोटाला बरं नव्हे. आधी कोरड्या फडक्याने टिपून मग एन्झाइम असलेलं क्लीनर वापरावं, नाहीतर पाण्यात पांढरं व्हिनेगर.

आणि ते नाक घासणं. शू केलेल्या जागी पिल्लाचं नाक घासायचं, वर एक चापट, हा उपाय सुशिक्षित घरांतूनही अजून ऐकू येतो. यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसाच्या देखत शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि मालक पट्टा धरून बागेत अर्धा तास उभा राहिला तरी त्याच्यासमोर करत नाही. 'घरी आल्या आल्या मुद्दाम करतं हो!' अशी तक्रार आली की मी आधी नाक घासलं होतं का ते विचारते. पलीकडे थोडी शांतता असते.

दातांचं प्रकरण संध्याकाळचं. दुधाचे दात २८, सुईसारखे. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. पण दिवेलागणीला पिल्लू अंगात आल्यासारखं घरभर धावून घोट्यांना, पदराला, पायजम्याच्या नाडीला लटकतं, तेव्हा बऱ्याचदा कारण हिरड्यांचं नसतं. त्याची झोप झालेली नसते. या वयाला दिवसाचे अठरा तास झोप लागते आणि मुलं, पाहुणे, शेजारी मिळून ती होऊ देत नाहीत. अशा वेळी ओरडण्यापेक्षा खोलीतला दिवा मालवून त्याला त्याच्या बिछान्यावर टाकावं. पाच मिनिटं कुईकुई करतं आणि मग आडवं होतं.

हात तोंडात धरलाच तर हिसकायचा नाही. हिसकलेला हात म्हणजे पळणारं सावज. हात सैल सोडायचा, उठायचं, पाठ फिरवायची, अर्धा मिनिट खेळ बंद. पुन्हा खेळायला बसायचं, पुन्हा चावलं तर पुन्हा उठायचं. कंटाळवाणं आहे, पण भावंडंही एकमेकांना हेच शिकवतात : एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ सोडून देतं. चार-पाच आठवड्यांचं 'गोंडस' पिल्लू उचलून आणलं की त्याची ही शाळा बुडते आणि उरलेले धडे आपल्या मनगटावर गिरवले जातात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे. रस्त्यावरच्या पिल्लाला हा नियम लागू नसला, तरी आई सुरक्षित जागी असेल तर तेवढं थांबावं. चघळायला फ्रिजमधलं गार गाजर द्यावं, नाहीतर ओलं फडकं गाठ मारून गोठवून. जुनी चप्पल खेळायला देऊ नये. जुनी कोणती आणि परवा आणलेली कोल्हापुरी कोणती, हे त्याला कळत नाही.

लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर 'पिल्लूच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आमच्या घरातल्या सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवली आहे.

आता खरा पेच. पार्व्होवर लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि रक्ताचे जुलाब लागलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. म्हणून डॉक्टर सांगतात, डोस पुरे होईपर्यंत खाली उतरवू नका. दुसरीकडे, जग ओळखीचं करून घ्यायचं पिल्लाचं वयही नेमकं हेच. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून पाहिली. १९६५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा धरला आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस दिसूच दिला नव्हता. पुढे ती माणसाळणं फार कठीण गेलं.

सोळा आठवडे चार भिंतींत ठेवलं, तर पार्व्होपासून वाचलेलं पिल्लू हेल्मेट घातलेल्या प्रत्येक माणसावर भुंकणारं निघतं. आम्ही मधला मार्ग काढतो : कडेवर. शालीत गुंडाळून, पाय जमिनीला लागू न देता, पंधरा मिनिटांची फेरी. घंटागाडी, पीएमपीची बस, शाळा सुटल्यावरची पोरं, छत्री, काठी टेकणारे आजोबा, लग्नाचा बँड जरा दुरून. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर. प्रत्येक नव्या गोष्टीला एक तुकडा. अंग ताठ झालं, जांभया द्यायला लागलं किंवा तुकडा घेईना, की अंतर वाढवायचं. ताणत बसायचं नाही. चटकन जाऊन परत यायचं.

एकटं राहायला शिकवणं, म्हणजे किल्लीचं काम, सगळ्यात आधी सुरू करायला हवं आणि ते सगळ्यात उशिरा सुरू होतं. लोक पिल्लू आणतात, चार दिवस रजा टाकतात, चोवीस तास मांडीवर घेऊन बसतात आणि पाचव्या दिवशी दाराला कुलूप लावून निघून जातात. मग सोसायटीच्या ग्रुपवर 'बी विंगमधलं कुत्रं दिवसभर रडतं' असा मेसेज येतो. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून किल्ली हातात घ्यायची, वाजवायची, परत ठेवायची आणि भाजी निवडायला बसायचं. मग दार उघडून बंद करायचं. मग बाहेर जाऊन दहा सेकंदांत परत यायचं, परतल्यावर गळाभेट नाही. किल्लीच्या आवाजाने पिल्लाने मान वर करणं सोडलं, की मिनिटं वाढवत न्यायची. एखाद्या पिल्लाला आठवडा पुरतो, एखाद्याला महिना.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, ते डॉक्टर सांगतातच. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं वर्ज्य. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. अडचण असते टेबलाजवळ. 'दारातल्या जिवाला घास न देता आपण जेवायचं कसं?' हा सासूबाईंचा सवाल आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. 'आई, द्या की, पण आपलं जेवण झाल्यावर, तिच्या भांड्यात,' एवढी तडजोड आम्ही केली. त्या पोळीचा चतकोर काढून ठेवतात आणि शेवटी उठून भांड्यात टाकतात. बिस्किटी आता जेवणभर भांड्यापाशी बसून असते, टेबलाशी येत नाही. घरात एक जण पानातून भरवतो आणि दुसरा त्यावरून ओरडतो, तिथे पिल्लू भरवणाऱ्याचं ऐकतं.

हे सगळं करायला दिवसा घरात कोणीतरी लागतं. पहिले तीन-चार महिने तरी. म्हणून पिल्लू मागायला आलेल्या जोडप्याला मी आधी विचारते, 'सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरी कोण?' उत्तर 'कोणी नाही' असेल तर पिल्लू देत नाही. काही जण रागावतात. त्यांना मी दीड-दोन वर्षांचं कुत्रं सुचवते : नसबंदी आणि लसी झालेल्या, पक्के दात आलेल्या, सहा-सात तास शू धरू शकणाऱ्या, स्वभाव कळलेल्या गावठी कुत्र्याला बहुतेक सगळ्या शेल्टरमध्ये घर हवं असतं. अशा कुत्र्यांसाठी फोन क्वचितच येतो. तुम्ही दोघंही नोकरीवाले असाल, तर पिल्लांच्या खोक्यात डोकावण्याआधी त्यांना एकदा बघून या.