एकतर्फी प्रेम, लपवलेली ओळख: समलिंगी तरुण नेमका कशातून जातो?

प्रेमभंग झालेल्या पोराची आपल्याकडे बऱ्यापैकी काळजी घेतली जाते. मित्र त्याला चहाच्या टपरीवर नेतात, तिला चार शिव्या घालतात, कोणीतरी जुनी गाणी लावतं. बहिणीला अंदाज आलेला असतो. ‘जेवत का नाहीस रे?’ म्हणून आई मागे लागते. सहा-आठ महिन्यांत पोरगा सावरतो.

पण ज्याच्यावर जीव जडला तोही मुलगाच असेल तर? टपरीवर नेणाऱ्या मित्रांपैकीच एक असेल तर? दुःख तेवढंच असतं, सांगायला मात्र कोणी नसतं.

बेळगाव, निपाणी, खानापूर असो की पणजी, बडोदा, इंदूर, आपल्या ओळखीच्या घरांत असे मुलगे आहेत. ते दिसत नाहीत, कारण न दिसण्याची त्यांनी सवय करून घेतलेली असते. त्यांच्या मनात काय चालतं, कायदा काय सांगतो आणि जवळच्यांनी काय करावं, हे समजून घेऊ.

पहिलं प्रेम मित्रावरच का जडतं?

कॉलेजात मुलाला मुलगी आवडली, तर निदान तिलाही मुलगे आवडत असण्याची शक्यता मोठी असते. समलिंगी मुलाचं गणित वेगळं. वर्गातल्या साठ मुलांत आपल्यासारखे एक-दोघे असतीलही, पण तेही लपलेले. मग जीव जडतो तो जवळच्यावर. बाकावर शेजारी बसणारा, तालमीत सोबत जाणारा, पुण्या-बेंगळुरात एका खोलीत राहणारा.

त्यात आपल्याकडची मुलग्या-मुलग्यांची जवळीक. खांद्यावर हात टाकून फिरणं, एका ताटात जेवणं, जत्रेच्या रात्री एकाच चादरीत झोपणं, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. ही मोकळीक चांगलीच आहे. पण मनात प्रेम असलेल्या मुलाचा तिथेच गोंधळ होतो. मित्राची साधी माया त्याला खूण वाटू लागते. ‘पोचलास का?’ एवढा एक मेसेज तो रात्री दहा वेळा उघडून बघतो. समोरच्याला याची कल्पनाही नसते. यात चूक दोघांचीही नाही.

मग एक दिवस मित्राचं लग्न ठरतं. जिवलग म्हणून पत्रिका वाटायला हाच, हॉल बघायला हाच आणि वरातीत सगळ्यांत पुढे नाचायलाही हाच. रात्री घरी आल्यावर तो रडला, तर लोक म्हणणार, दमला असेल.

दुःख तेच, पण साक्षीदार नाही

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये आली. पुढे तिचा इंग्रजी अनुवाद झाला आणि २०२२ मध्ये तिच्यावरचा चित्रपटही आला. गोष्ट एका मध्यमवर्गीय मराठी घरातली. घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो आणि तनय आणि अनुजा ही भावंडं दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडून देतो. अनुजाच्या दुःखाची घरात दखल घेतली जाते. गोंधळ होतो, रागावणं होतं, पण तिचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच घरात, त्याच माणसासाठी तनयही तुटलेला असतो. ते कोणाला विचारावंसंही वाटत नाही, कारण कोणाला माहीतच नसतं.

एकतर्फी प्रेम कोणाच्याही वाट्याला येतं आणि माणसं त्यातून बाहेर पडतात. बाहेर पडतात ती बोलून, रडून, कोणीतरी समजावल्यामुळे. समलिंगी मुलाला हा रस्ताच बंद असतो. आपल्याला नकार मिळाला हे सांगायचं, तर आधी आपण कोण आहोत हे सांगावं लागतं. म्हणून तो दोन्ही गिळतो.

लपवणं म्हणजे रोजची मेहनत

आपली भाषाही इथे मदत करत नाही. मराठीत ‘आला’ की ‘आली’, ‘बोलतो’ की ‘बोलते’, क्रियापदातूनच माणूस कळतो. त्यामुळे मनातलं थोडंसं सांगायचं म्हटलं, तरी ‘तो’ची ‘ती’ करून सांगावं लागतं. ‘ती रागावली’, ‘ती बोलत नाही’. ऐकणारा सल्लाही त्या ‘ती’साठीच देतो. शेवटी मुलगा बोलणंच थांबवतो.

बाकीची मेहनत वेगळीच. मोबाइलला दोन-दोन लॉक. चालण्या-बोलण्यावर स्वतःच पहारा. ‘काय रे, पोरगी बघूया काय?’ या प्रश्नावर हसायची तयारी. याला खोटारडेपणा म्हणणं सोपं आहे, पण त्यामागे बहुतेक वेळा हिशेब असतो. घरातून काढलं तर जायचं कुठे? शिक्षणाचा खर्च कोण करणार? बहिणीचं लग्न अडलं तर? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीत तर हा धोका जास्तच. मंडळ तेच, शाळा तीच, पाहुणे तेच. एका घरात कुजबुज झाली की रविवारपर्यंत ती सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

ही भीती काल्पनिक नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे, मराठीचे कवी. उत्तर प्रदेशातल्या अलिगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन घुसले, त्यांचं खासगी आयुष्य चित्रित केलं आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. वय ६४. त्यांच्यावरचा ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. आयुष्यभर जपलेली ओळख दुसऱ्याने उघडी पाडली तर काय होतं, याचं याहून कडू उदाहरण मराठी माणसाला शोधावं लागणार नाही.

कायदा आज काय म्हणतो?

इंग्रजांच्या काळात, १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ आलं आणि समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लागू झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना यातून वगळलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं, की दोन प्रौढांनी संमतीने, खासगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३७७ सारखं कलमच ठेवलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. एक, समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला नकार दिला. दोन, १८ वर्षांखालच्या मुलांशी शारीरिक संबंध हा मुलगा-मुलगी कोणीही असो, गुन्हाच आहे. कोणी आवडणं, प्रेम वाटणं हा मात्र कोणत्याही वयात गुन्हा नव्हता आणि नाही.

लपलेल्या माणसाला लुटणं सोपं

मित्राकडून निराश झालेला मुलगा अनेकदा डेटिंग अ‍ॅपवर जातो. तिथे आपल्यासारखे आहेत हे कळणंच त्याला मोठा आधार वाटतो. पण तिथेच टोळ्याही असतात. खोटा फोटो, गोड बोलणं, आडबाजूला भेटीचं बोलावणं. मग तीन-चार जण येतात, व्हिडिओ काढतात आणि ‘घरी पाठवू, पोलिसांना सांगू’ म्हणत फोनवरून पैसे वळवून घेतात.

यातली पोलिसांची धमकी पोकळ आहे. गुन्हा त्या मुलाचा नाही, खंडणी मागणाऱ्यांचा आहे. न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीसाठी आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा; जितका लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. सीमाभागासाठी आणखी महत्त्वाचं म्हणजे, गुन्हा कोल्हापुरात घडला आणि मुलगा बेळगावचा असला, तरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी घ्यावी, कुठे चाललोय हे एका तरी माणसाला सांगून जावं आणि एकदा पैसे दिले की मागणी थांबते या भ्रमात राहू नये.

‘लग्न लावून द्या, ठीक होईल’

होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आजार नाही, तर औषधही नाही. ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. देव-देवस्की, गंडेदोरे यांत पैसे जातात आणि मुलगा आणखी आत जातो. लग्न लावलं तर दुखावणारी माणसं एकाची दोन होतात, कारण आलेल्या मुलीचाही यात काही दोष नसतो.

तो मुलगा तुम्हीच असाल तर

जे शास्त्र सांगतं की तुम्हाला बदलता येत नाही, तेच हेही सांगतं की तुमच्या मित्रालाही बदलता येणार नाही. त्याला मुली आवडत असतील तर तुमची माया, तुमचा त्याग, तुमची वाट बघणं यांनी ते पालटणार नाही. हे मान्य करणं कठीण आहे, पण सुटका तिथूनच सुरू होते. काही दिवस भेटी कमी केल्या, त्याचे स्टेटस बघणं बंद केलं, तर ती मैत्रीशी गद्दारी होत नाही.

सगळ्या जगाला सांगायची सक्ती कोणाचीच नाही. आधी एक माणूस शोधा, शक्यतो ज्याच्या प्रेमात आहात तो सोडून दुसरा. मोठी चुलत बहीण, कॉलेजातली मैत्रीण, समुपदेशक, कोणीही. आईवडिलांना सांगण्याआधी राहायची आणि पोटापाण्याची सोय बघा. तोंड ओळखीचं नको असेल तर सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे. ती अनेक भारतीय भाषांत चालते, त्यांत मराठी आणि कन्नडही आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर उद्याची वाट न बघता तिथे फोन करा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. मुंबईत हमसफर ट्रस्ट, बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट अशा संस्थाही या क्षेत्रात आहेत.

सगळ्याच गोष्टी विरहात संपतात असंही नाही. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दिवसकार्यासाठी गावी आलेला एक मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र यांची ती गोष्ट आहे. आपल्याच मातीतल्या दोन पुरुषांचं प्रेम तिथे शांतपणे, परस्परांना उमगत वाढतं.

आणि मित्राने तुम्हालाच सांगितलं तर

‘मला तू आवडतोस’ असं जिवलग मित्र म्हणाला, तर दचकायला होणारच. तुम्हाला तसं वाटत नसेल तर स्पष्ट सांगा. खोटी आशा नको, चेष्टा नको, मारहाण तर नकोच. ‘माझं तसं नाही रे, पण तू माझा मित्र आहेस’ एवढं पुरतं. थोडा वेळ हवा असेल तर तोही मागा. आणि ही गोष्ट गल्लीत, ग्रुपवर, बायकोला, कोणालाही सांगू नका. त्याने ती फक्त तुम्हाला सांगितली आहे. नकारातून तो सावरेल. तुम्ही कोणाकोणाला सांगाल या भीतीत त्याला झोप लागणार नाही, म्हणून तसं होणार नाही हे त्याच दिवशी तोंडाने बोलून दाखवा.