भित्रा कुत्रा आणि घरचीं माणसें

भंडारा जिल्ह्यांतील करडी हें धानाच्या मुलखांतलें गांव. या भागांत पोळ्यापासून जो गजर सुरू होतो, तो गणेशविसर्जन, दिवाळी आणि भाऊबीजेनंतरची मंडई येथपर्यंत थांबून थांबून चालूच राहतो. माणसांना हे दिवस आनंदाचे. घरच्या कुत्र्याला मात्र कसोटीचे. त्याचे कान आपल्याहून पुष्कळ तिखट, आणि हा आवाज कशाचा व कधीं थांबणार, हें त्याला कोण सांगणार? शेपूट पायांत घालून तो पलंगाखालीं शिरतो, थरथरतो, धापा टाकतो.

मग घरांत तीन मतें निघतात. वडीलधारे म्हणतात, दोन रट्टे द्या म्हणजे भीति पळेल. मुलें त्याला ओढून बाहेर काढतात. शिकलेले चिरंजीव बजावतात, “गोंजारूं नका, लाडानें भित्रेपणा वाढतो.” पहिल्या दोन उपायांनीं कुत्रा चावरा होतो, हें सांगावयास नकोच. तिसरें मत शास्त्रीय वाटतें, म्हणूनच तें अधिक फसवें. भय ही पंजा देण्यासारखी शिकविलेली करामत नव्हे. खाऊ दिल्यानें करामत वाढते. भय मात्र विरत जातें.

याचा दाखला माणसाच्याच मुलाचा आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें १९२४ सालीं पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला भीत असे. त्याला आवडता खाऊ देत असतांना पिंजऱ्यांतील ससा दूर ठेवीत, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणीत. शेवटीं पीटर सशाला हातानें कुरवाळूं लागला.

कुत्र्यालाही हाच न्याय लागतो. मंडईचा ढोल दारांत वाजूं लागल्यावर शिकवणी सुरू करण्यांत अर्थ नाहीं. दोन महिने आधीं, थाळी दुसऱ्या खोलींत अगदीं हळू वाजवावी आणि लगेच पोळीचा तूप लावलेला तुकडा किंवा पनीर द्यावें. क्रम चुकूं देऊं नये: आधीं आवाज, मग खाऊ. उलट केल्यास खाऊ दिसतांच आतां कांहींतरी वाजणार, अशी धास्ती त्याला बसते. तो जांभया देऊं लागला, ओठ चाटूं लागला, कान मागें पाडूं लागला, तर आपण घाई केली असें समजून आवाज कमी करावा. मनुका, चॉकलेट व कांदा हे पदार्थ त्याला विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यांतल्या मनुकाही काढून टाकाव्या.

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें धांवले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. भित्र्या कुत्र्यामागें मात्र तूप घेऊनही धांवूं नये. खाऊ खालीं ठेवून, तोंड वळवून, स्वस्थ बसावें. त्याला यावयाचें तेव्हां तो येईल. पलंगाखालची जागा ही त्याचीच समजावी आणि तेथें कोणींही हात घालूं नये.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण हीच आहे. काकूंनीं महिनाभर केलेली मेहनत धाकट्या पुतण्याची एक लवंगी फुकट घालविते. म्हणून शिकवणी आधीं मुलांपासून सुरू करावी, आणि खाऊ देण्याचें काम त्यांच्यापैकींच एकाकडे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं, सोंपवावें. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोंचलेली असावी. भेदरलेला कुत्रा चावल्यास जखम साबणपाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन तडक डॉक्टर गांठावा.

एखादा कुत्रा इतका भेदरतो कीं तुपाच्या पोळीकडे ढुंकूनही बघत नाहीं. अशा वेळीं खाऊचा आग्रह सोडावा, दारेंखिडक्या लावून जवळ बसावें, आणि पुढच्या दिवाळीच्या आधींच पशुवैद्याला विचारावें. भय उतरविणारीं औषधें आतां मिळतात.